मोटारवाला आणि मैदान

पुणे जिल्ह्यात तळेगावे दोन. एक दाभाड्यांचे आणि दुसरे ढमढेऱ्यांचे. दोन्ही गावे सरदार घराण्यांची नावे मिरवतात. पण बाहेरच्या माणसाला 'मी तळेगावचा' असे सांगितले, की त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते दाभाड्यांचेच. पैसाफंडाचा काचकारखाना तिकडे. जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये निघाला तोही तिकडे आणि 2020 मध्ये बंद पडला तोही अर्थात तिकडेच. गहुंज्याचे क्रिकेटचे मोठे स्टेडियम त्याच तळेगावच्या अंगाला. आमच्या ढमढेऱ्यांच्या तळेगावाला वेळ नदी आहे, उसाचे मळे आहेत, आणि जवळच शिक्रापूरचा चौक आहे. त्या चौकातून चाकणच्या रस्त्याने नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर दिवसरात्र जात असतात. आम्ही त्यांना वाट करून देतो. मोटारींच्या युगाशी आमचा संबंध एवढाच, असे मी कित्येक वर्षे समजत होतो.

तो समज माझ्या एका विद्यार्थ्याने घालवला.

मी मराठीचा प्राध्यापक. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारा हा मुलगा एका दुपारी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. हातात वही नव्हती, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"सर, मी कॉलेज सोडतोय."

"का रे बाबा? काय झालं?"

"मामांच्या ओळखीचे एक जण शिक्रापूरला जुन्या गाड्यांचा धंदा करतात. त्यांच्याकडे राहतो म्हणतो. धंदा शिकून घेतो."

वाचकहो, जुन्या मोटारींचा धंदा म्हटला की माझ्या अंगावर काटा येतो. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी अशीच एक जुनी मोटार घेतली होती. रंग लखलखीत, आतल्या बैठका कोऱ्या. विकणाऱ्या गृहस्थांनी ती 'एका डॉक्टरांच्या हातची' असल्याचे शपथेवर सांगितले. पहिल्याच पावसाळ्यात कळले, की ती कधीतरी पुराच्या पाण्यात बुडून निघालेली होती. डॉक्टरांपेक्षा तिला वैद्याचीच गरज अधिक होती! तेव्हा माझा विद्यार्थी त्या वाटेला जाणार हे ऐकून मी त्याला अर्धा तास उपदेश केला. पदवीचे महत्त्व सांगितले, शिक्षणाचे तेज सांगितले. त्याने ते सारे मुकाट्याने ऐकून घेतले आणि मग विचारले,

"सर, पुण्यात गरवारे कॉलेज आहे ना, ते ज्यांच्या नावाचं, ते गरवारे कितवी शिकले होते?"

मला उत्तर देता येईना. माझे एम.ए. पुण्यातले. कर्वे रस्त्याने मी त्या कॉलेजच्या फाटकावरून शेकडो वेळा गेलो असेन. पण पाटीवरचे नाव कोणाचे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आपण नावे वाचतो, माणसे वाचत नाही. "उद्या सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली आणि ग्रंथालयात गेलो. त्या 'उद्या'तून निघालेली ही हकिकत आहे.

तासगाव ते मुंबई

आबासाहेबांचे पूर्ण नाव भालचंद्र दिगंबर गरवारे. जन्म 1903 सालचा, तासगावचा. आज तासगाव सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात मोडे. पटवर्धनांनी बांधलेल्या गणपतीच्या मंदिराचे दाक्षिणात्य थाटाचे उंच गोपूर हे त्या गावाचे भूषण. अशा गावातला मध्यम स्थितीतल्या घरचा मुलगा त्या काळी काय करी? शिकला तर मामलेदार कचेरीत कारकून, फारच शिकला तर वकील. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपल्या तोंडी असते खरी. पण मुलीला स्थळ पाहताना आपण ती नेमकी उलटी वाचतो.

या मुलाने म्हणीची मधली पायरी निवडली. शिक्षण अर्ध्यावर टाकून, मिसरूड फुटायच्या वयात तो मुंबईत आला आणि मोटारींच्या धंद्यात शिरला.

त्या काळची मोटार म्हणजे काय चीज होती, याची कल्पना आज येणे कठीण. मोटारी विलायतेहून किंवा अमेरिकेहून बोटीने येत. शिवडीला जनरल मोटर्सने सुटे भाग जोडून गाड्या तयार करायला सुरुवात केली ती 1928 साली. म्हणजे आबासाहेब या धंद्यात पडले त्यानंतर कितीतरी वर्षांनी. मोटार ही संस्थानिकांची, बॅरिस्टरांची आणि कादंबरीतल्या नायकांची वस्तू होती. साहजिकच जुन्या मोटारीलाही मोल होते. पहिल्या मालकाचा हौसेचा भर ओसरला, की ती दुसऱ्याकडे जाई, मग तिसऱ्याकडे. या हातातून त्या हातात ती देणारा जो माणूस, त्याच्यापाशी दोन गोष्टी असाव्या लागत. यंत्राची जाण आणि बोलण्याची पत. पहिली गॅरेजमध्ये शिकता येते. दुसरी मिळवायला वर्षे लागतात आणि घालवायला एक खोटी गाडी पुरते. (माझा अनुभव वर आलाच आहे.)

गरवाऱ्यांनी दोन्ही कमावल्या. एवढेच करून ते थांबले असते, तर मुंबईतला एक सुखवस्तू मोटारवाला म्हणून त्यांचे आयुष्य गेले असते. पण 1933 च्या सुमारास या मराठी माणसाने आणखी एक धाडस केले. ते थेट इंग्लंडला गेले आणि तिथे जुन्या मोटारींचा व्यापार सुरू केला. काळ जागतिक मंदीचा होता. भले भले धंदे बसत होते. मंदीत माल पडून राहतो, हे सर्वांनाच दिसते. पण पडून राहिलेला माल स्वस्त असतो आणि तो दुसरीकडे कुणाला तरी हवा असतो, हे फक्त व्यापाऱ्याला दिसते. ज्यांनी आपल्याकडे मोटारी पाठवल्या, त्यांच्याच देशात जाऊन मोटारींचा सौदा करायचा! आमच्या पिढीला परदेश म्हणजे शिष्यवृत्ती किंवा संगणकाची नोकरी. त्यांना परदेश म्हणजे बाजारपेठ वाटली.

मोटारीपासून दोरापर्यंत

मराठी उद्योगाच्या इतिहासात चाकाला मोठा मान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. तिथून लोखंडी नांगर आणि 1910 साली किर्लोस्करवाडी. सायकलचे दुकान कारखान्यापर्यंत पोचते, तर मोटारीचे का पोचू नये? गरवाऱ्यांच्या बाबतीत तेच झाले. दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकता विकता आपण स्वतः काही बनवावे, ही इच्छा त्यांच्या मनात धरली. 1957 साली त्यांची प्लॅस्टिकची कंपनी निघाली. नायलॉन आले. पुढे पॉलिएस्टरची फिल्म आली. 1976 साली एका अमेरिकन कंपनीच्या साहाय्याने दोर बनवणारी गरवारे वॉल रोप्स सुरू झाली. तिचेच नाव 2018 पासून गरवारे टेक्निकल फायबर्स असे आहे. वाईला तिचा कारखाना आहे. कोकणच्या किनाऱ्यावर मासळीच्या होड्यांत पाहा; जाळी बहुधा गरवाऱ्यांची निघेल. क्रिकेटच्या सरावाला लागणारी जाळीही ते बनवतात.

गंमत अशी, की मोटारीने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. मोटारीच्या काचांना उन्हापासून वाचवणारी जी पातळ फिल्म लावतात, ती या घराण्याच्या दुसऱ्या कंपनीत तयार होते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली आपल्या देशात मोटारींच्या काचांवर काळी फिल्म लावायला बंदी केली, तरी परदेशच्या बाजारात ती जातच राहिली. जुन्या मोटारी विकून सुरू झालेले घर नव्या मोटारींच्या काचांपर्यंत येऊन पोचले.

आबासाहेब मुंबईचे शेरीफ झाले. 1971 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 1990 साली ते गेले. ही झाली चरित्रकोशातली नोंद. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. ते दुसऱ्या एका यादीत आहे.

पाट्यांची यादी

वासुदेव बळवंत फडके, वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर या तिघांनी 1860 साली पुण्यात जी शिक्षणसंस्था काढली, तीच आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी. तिचे 1945 साली निघालेले कॉलेज आज आबासाहेब गरवारे महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. त्याच्या शेजारी गरवारे वाणिज्य महाविद्यालय. डेक्कन जिमखान्यावर त्यांच्या पत्नींच्या नावाची विमलाबाई गरवारे प्रशाला. मुलांना नुसते मनसोक्त खेळता यावे म्हणून 1985 साली पुण्यात निघालेले गरवारे बालभवन. मुंबई विद्यापीठात व्यवसायाचे शिक्षण देणारी गरवारे इन्स्टिट्यूट. आणि 2022 च्या मार्चमध्ये पुण्यात मेट्रो धावू लागली, तेव्हा वनाजहून निघणाऱ्या गाडीचे शेवटचे स्थानक होते 'गरवारे कॉलेज'. मोटारी विकणाऱ्या माणसाचे नाव आज रेल्वेच्या स्थानकाला आहे!

यादी वाचता वाचता माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. यात शाळा आहे, कॉलेज आहे, विद्यापीठातली संस्था आहे, मुलांचे क्रीडांगण आहे. शिक्षण अर्ध्यावर टाकावे लागलेल्या माणसाने दान केले ते नेमके शिक्षणाला. 'मी न शिकता मोठा झालो, तुम्हीही तसेच व्हा,' असे त्यांना वाटले असते, तर त्या पैशात आणखी एखादा कारखाना सहज निघाला असता. मला वाटते, आपल्याला जे मिळाले नाही त्याची किंमत माणसाला जेवढी कळते, तेवढी ते आयते मिळालेल्याला कळत नाही.

यादीतले एक नाव मी मागे ठेवले आहे. ते घराघरांत पोचले आहे, पण पाटीवरून नव्हे, कानांवरून.

'गरवारे पॅव्हेलियन एंडकडून'

मुंबईत क्रिकेटचे सामने पूर्वी ब्रेबॉर्न स्टेडियमवर होत. ते मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. प्रेक्षकांच्या जागा कोणाला किती, यावरून तो क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांचा वाद विकोपाला गेला. तेव्हा असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर नवे स्टेडियमच बांधायचे ठरवले. वास्तुशिल्पी शशी प्रभू यांनी ते वर्षभराच्या आसपास उभे केले. 1975 च्या जानेवारीत तिथे पहिला कसोटी सामना झाला आणि वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद 242 धावा ठोकून त्याचे उद्घाटन केले. यजमानांना ते उद्घाटन जरा महागच पडले.

या मैदानाला दोन टोके. एक टाटा एंड, दुसरे गरवारे पॅव्हेलियन एंड. मैदानालगतचा क्लबही गरवाऱ्यांच्याच नावाचा. रेडिओला कान लावून बसलेल्या मराठी घरांनी हे नाव इतक्या वेळा ऐकले आहे, की ते माणसाचे नाव आहे हेही आपण विसरून गेलो. 2011 च्या विश्वचषकासाठी स्टेडियमची नव्याने बांधणी झाली. त्याच मैदानावर भारताने तो चषक जिंकला. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये सचिन तेंडुलकर तिथूनच निवृत्त झाला. एवढे सारे झाले, तरी गोलंदाज अजून गरवारे पॅव्हेलियनच्याच बाजूने धावत येतो.

आबासाहेब कोणत्याही संघाचे मालक नव्हते. त्यांच्या काळी आपल्याकडे संघ विकत घेण्याची चालच नव्हती. ती अमेरिकेत होती. आणि तिथे अगदी त्यांच्याच धंद्यातला एक माणूस त्या चालीने गेला. दोघांना शेजारी उभे करून पाहण्यासारखे आहे.

टेक्ससचा मोटारवाला

त्याचे नाव बिली जो मॅकोम्ब्स. लाल केसांमुळे सारे त्याला 'रेड' म्हणत. टेक्ससमधल्या स्पर नावाच्या लहानशा गावी 1927 साली जन्मला. बाप मोटारींचा मेकॅनिक. मुलगा विद्यापीठात गेला. पण 1950 साली शिक्षण अर्ध्यावर सोडून मोटारी विकू लागला. (हेही मला माझ्या विद्यार्थ्याला सांगावे लागणार होते!) विक्रीत तो असा रमला, की पुढे त्याच्या मोटारींच्या दुकानांची संख्या पन्नासावर गेली.

या गृहस्थांना वेड खेळाचे. पंचविशीतच त्यांनी आपल्या भागातला एक छोटा बेसबॉल संघ घेतला. 1973 साली काही मित्रांना बरोबर घेऊन डॅलस शहराचा एक डबघाईला आलेला बास्केटबॉल संघ सॅन अँटोनियोला आणला. तोही आधी भाडेकराराने! आपल्याकडे भाड्याने बँड आणतात, तसा संघ आणला म्हणायचा. त्याचेच पुढे नामांकित 'स्पर्स' झाले. 1998 साली त्यांनी मिनेसोटाचा वायकिंग्ज हा फुटबॉल संघ सुमारे पंचवीस कोटी डॉलरना घेतला आणि 2005 साली साठ कोटींना विकला. जुन्या गाडीचा असा सौदा जगात कुणाला साधला नसेल.

पण त्यांच्या आयुष्यात एक वळण आहे आणि ते पैशाचे नाही. दारूच्या व्यसनाने 1977 साली ते मरणाच्या दारात जाऊन आले. त्यातून उठल्यावर त्यांनी दारू कायमची सोडली. ज्या टेक्सस विद्यापीठाचे शिक्षण अर्धे टाकले होते, त्याच्याच व्यवस्थापनशाळेला 2000 साली पाच कोटी डॉलर दिले. आज त्या शाळेला त्यांचे नाव आहे. कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयालाही त्यांनी उदंड दिले. 2023 च्या फेब्रुवारीत, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी ते वारले.

दोन देश, दोन मोटारवाले. दोघांनीही शिक्षण अर्ध्यावर सोडले आणि दोघांचीही नावे आज शिक्षणसंस्थांवर आहेत. आता गंमत पाहा. मॅकोम्ब्स यांनी घेतलेले मोठे संघ एकामागून एक दुसऱ्यांच्या हाती गेले. मालकी ही विकण्यासाठीच असते. दिलेले तेवढे मात्र त्यांच्याच नावाने उरले.

आमच्या पुण्यालाही हा धडा मिळाला आहे. 2010 साली पुण्याच्या आयपीएल संघासाठी सदतीस कोटी डॉलरची बोली लागली. पुणे वॉरियर्स 2011 मध्ये मैदानात उतरले आणि 2013 नंतर दिसेनासे झाले. गहुंज्याच्या स्टेडियमवरचे मालकांचे नावही उतरले. पुढे दोन वर्षे दुसरा संघ आला, तोही गेला. संघ पैशाने येतो आणि पैशाबरोबर जातो. त्यात गैर काही नाही. व्यवहारच तो आहे. पण मुलाने ज्या कॉलेजात परीक्षा दिली ते कॉलेज, ज्या जाळीत पहिला चेंडू टाकला ती जाळी, यांचे मोल बोलीत धरता येत नाही.

शिक्रापूरच्या चौकात

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. त्याला माझ्यासारखा अर्धा तास लागला नाही. तो म्हणाला, "म्हणजे सर, धंदा करू नको असं तुम्ही म्हणत नाही."

"नाही म्हणत," मी हार पत्करली. "पण ज्यांचं उदाहरण तू मला दिलंस, त्यांनी अर्धवट राहिलेल्या शाळेचं पुढं काय केलं, तेही लक्षात ठेव."

तो गेला. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म मात्र त्याने माझ्यासमोर बसून भरला.

त्याला आता पाच वर्षे झाली. त्याचा स्वतःचा लहानसा गाळा आहे. पत्र्याच्या शेडखाली सात-आठ गाड्या उभ्या असतात. मागे माझी ती 'डॉक्टरांची' मोटार अखेरची आचके देऊ लागली, तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. त्याने मला तासभर शिकवले. वर्ग त्याचा, विद्यार्थी मी. पत्र्यावर लोहचुंबक फिरवायचे. जिथे ते धरत नाही, तिथे पुट्टी भरलेली. इंजिन थंड असताना सुरू करून ऐकायचे, विकणाऱ्याने आधी तापवून ठेवले असेल तर सावध व्हायचे. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. बैठकीखालचा गालिचा उचलून वास घ्यायचा. पुराचा चिखल तिथे लपतो. आरसी बुकावर बँकेचा बोजा उरला आहे का ते पाहायचे आणि 29 व 30 नंबरचे फॉर्म पुरे झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. शेवटी मी त्याच्याच शेडमधली एक पांढरी गाडी पसंत केली. तो कानाशी येऊन म्हणाला, "सर, ही तुम्ही नका घेऊ. गिऱ्हाईक सांगून घेतंय, त्याला कमी भावात देणार आहे. तुमच्यासाठी दुसरी बघतो." आणि महिनाभराने बघितलीही.

गेल्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या माळावर टेनिस बॉलचे सामने होते. एका संघाच्या निळ्या बनियनांवर त्याच्या दुकानाचे नाव झळकत होते. प्रवेशाची फी त्याचीच, दोन बॅटी त्याच्याच, आणि सरावासाठी बांधलेली हिरवी जाळीही त्याचीच. मी चेष्टेने म्हटले, "काय रे, संघमालक झालास की!"

तो लाजला. "मालक कसला सर. पोरं खेळतात. फक्त एक अट घातलीय. दहावी-बारावीचा जो परीक्षेला बसणार नाही, त्याला संघात घ्यायचं नाही."

"आणि तुझी बी.ए.?"

"एकच विषय राहिलाय, सर."

"कोणता?"

त्याने मान खाली घातली. "मराठी."

या दिवाळीच्या सुट्टीत तो रोज संध्याकाळी दुकान बंद करून माझ्याकडे येतो आहे. गाडी दाराशी लावतो, वही काढतो आणि पहिल्या बाकावर बसल्यासारखा बसतो. या वेळी निघेल, असे वाटते.